आपांच्या पानातला दुधी

आहारतज्ज्ञ श्रीमती नसरीन शेख, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आपा, यांची आणि माझी पहिली भेट नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या एका दवाखान्यात, त्यांच्या खोलीत झाली आणि त्या पहिल्याच भेटीत मी त्यांच्याशी भांडलो. आपांच्या साठीच्या गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, हे मलाही कळतं. समितीनं मला नीट समजावलं होतं की सुदामराव, आधी पहिली ओळख लिहा, मग कार्य, मग स्वभाव, आणि शेवटी शुभेच्छा. पण पहिली ओळखच भांडणाची असेल तर ती मी कुठून गोड करून आणू?

मी केदारखेड्याचा. भोकरदन-जाफराबाद भागात मला सुदाम आचारी म्हणून ओळखतात. लग्न, बारसं, तेरावं, भंडारा, काहीही असो, कढया माझ्या आणि हातही माझा. हा ग्रंथ हातात घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी माझ्या हातची वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी खाल्लेली असणार. ती खाऊन बोटं चाटणाऱ्यांना आज मी जे सांगणार आहे ते आधी तोंडानं सांगायला हवं होतं. ते झालं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

लग्नसराईत माझे पाय सुजायचे. भट्टीपुढे दिवसभर उभं राहिल्यावर सुजणारच, असं मी धरून चाललो होतो. कंबर दुखायची, तर मेडिकलवरून गोळी आणून घ्यायची, वर्षानुवर्षं. बीपी असतं हे ठाऊक होतं, पण ते दुसऱ्यांना असतं असं वाटायचं. शेवटी तोंडही सुजायला लागलं तेव्हा बायको कावेरीनं धरून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि दोन्ही मूत्रपिंडं बरीच थकली आहेत असं सांगितलं. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं सांभाळलं तर मशीनवर, म्हणजे डायलिसिसवर, जायची वेळ पुष्कळ लांबवता येईल, कदाचित येणारही नाही. गोळ्या मी देतो, म्हणाले, बाकी सगळं त्या समोरच्या खोलीतल्या बाईंच्या हातात आहे.

त्या बाई म्हणजे आपा. गौरवलेखात माणसाला मृदुभाषी म्हणायची पद्धत आहे. आपा मृदुभाषी नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा रिपोर्ट वाचला आणि काय खाता हे न विचारता कुठे जेवता ते विचारलं. मी म्हटलं, जिथं लग्न असेल तिथं. मग त्यांनी माझं पान मांडायला घेतलं. मीठ निम्म्याहून कमी. पापड-लोणचं बंद. वरण वाटीनं मोजून. शेंगदाण्याचा कूट नाही. कंबरेच्या गोळ्या तर कायमच्या बंद. आणि रक्तात पोटॅशियम वाढलेलं होतं, म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची, ते पाणी काढून टाकायचं, भाजी पिळून घ्यायची आणि मग फोडणी द्यायची.

इथं माझं डोकं फिरलं. भाजीचं पाणी टाकायचं म्हणजे भाजीचा जीवच टाकायचा. मी त्यांना विचारलं की मॅडम, तुम्ही कधी चार माणसांचा स्वयंपाक केला का. खोलीबाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल इतक्या जोरात विचारलं. आपांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, तुम्ही बसून शेवटचं कधी जेवलात ते सांगा. आचारी कधी बसतो? यजमान मानानं पानावर बसवतो तेवढंच आग्रहापुरतं, एरवी उभ्यानं चार घास, तेही खरवडून. घराबाहेर माझ्या जेवणाची अशी चौकशी कुणी केली असेल तर ती पहिली. आणि मी त्यांच्यावर खेकसलो होतो. आजही त्या खोलीवरून जाताना मी खाली बघून जातो.

आपांची कामाची पद्धत सगळ्यांना ठाऊक व्हावी म्हणून एक गोष्ट सांगतो. आमच्या गावचे एक गृहस्थ, त्यांचाही हाच आजार. त्यांनी माझा आहाराचा कागद बघून त्याचप्रमाणे खायला सुरुवात केली, वर घाबरून वरण, दूध, अंडी सगळंच सोडलं. नुसता भात आणि पेज. हाडं दिसायला लागली. आपांनी त्यांना बघितलं आणि असं फैलावर घेतलं की गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. 'मी लोकांना उपाशी मारायला बसले न्हाई इथं,' म्हणाल्या. ज्याचा त्याचा रिपोर्ट वेगळा, म्हणून ज्याचं त्याचं पान वेगळं, आणि एकाचं पान दुसऱ्यानं उचलायचं नाही. त्यांना अंड्याचा पांढरा भाग रोज खायला लावला. माणूस भरून आला.

आमच्या शाळेत बीपी-साखर तपासायचं शिबिर लावायला आपा केदारखेड्याला आल्या होत्या. ज्याला अजून काही झालेलं नाही त्याला आधी गाठा, असं त्या नेहमी म्हणतात. सुजून आल्यावर मी काय करणार, म्हणतात. शिबिर झाल्यावर त्या सरळ आमच्या घरी आल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. कावेरी भाजी बराबर चिरत होती, भरपूर पाण्यात बराबर उकडत होती, पिळतही होती. आणि ते काढलेलं पाणी वरणात ओतत होती.

तिचं काय चुकलं? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. बायका हंड्याला हंडा लावून उभ्या असतात. भांडं विसळलेलं पाणीसुद्धा दाराशी शिंपडतात. तिथं भाजीचा रस उतरलेलं पातेलंभर पाणी मोरीत ओतायला कुणाचा हात धजेल? जे पोटॅशियम भाजीतून काढायचं होतं ते वरणातून परत मलाच वाढलं जात होतं, आणि मी, जन्मभर कढया सांभाळलेला माणूस, घरात राहून ते बघितलं नव्हतं. कावेरी रडवेली झाली. मला तर तोंड लपवावंसं वाटलं. आपा हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाणी निवू दिलं, पातेलं स्वतः उचलून परसात नेलं आणि कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं. 'फेकलं न्हाई बाई, झाडाला पाजलं. आता झालं का बराबर?' कावेरीनं मान हलवली. तो कढीपत्ता आता घराच्या पत्र्याच्या वर गेला आहे.

आता उपवासाचं सांगतो. हे लिहायचं म्हणून मी समितीकडून दोनदा मुदत मागून घेतली.

आपल्याकडची रीत आहे. शेवटची पंगत उठली की यजमान आचाऱ्याला हाताला धरून पानावर बसवतो. टोपी-उपरणं देतो आणि स्वतः वाढतो. आग्रह असा की पानावर आडवा हात धरला तर हातावर वाढतात. आचाऱ्यानं खाल्लं नाही तर यजमानाला चुकल्यासारखं होतं, आणि बाकीच्यांना शंका येते की यानं केलेलं यालाच का नको. मी काय सांगणार होतो? किडनीचं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं की सुदाम आचारी खलास झाला, आता दुसरा बघा. कामं गेली असती ही भीती होतीच. पण खरं सांगतो, भीतीहून शरम मोठी होती. जो दुसऱ्याच्या पानात ओघळेपर्यंत तूप वाढतो त्यानं आपल्यापुढे उकडलेला दुधी घेऊन बसायचं, हे मला सोसणारं नव्हतं.

म्हणून एका लग्नात मी म्हणून गेलो, आज उपवास आहे.

आणि काय सांगू, सगळे खूश! लग्न गुरुवारी असलं तर दत्ताचा, शनिवारी असलं तर मारुतीचा, सोमवारी महादेवाचा. तीथ कोणतीही असो, माझ्याकडे देव तयार. लोक म्हणायचे, सुदामराव मोठे निष्ठेचे, भट्टीपुढे उभं राहून उपवास करून राह्यले. आणि उपवासाचा माणूस म्हणून माझी सरबराई दुप्पट. शहाळं फोडून हातात द्यायचे. शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. मी निश्चिंत मनानं खायचो. वरण नाही, पापड नाही, आणि घातलेलं मीठ तेही सैंधव. मला वाटायचं, आपांचं पथ्य तर पाळलं जातंच आहे, वर पुण्य. ज्या वस्तूंवर आपांनी लाल रेघ मारली होती त्या सगळ्या उपवासाच्या ताटात एकत्र बसल्या आहेत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. शहाळं तर त्यांनी नाव घेऊन मना केलं होतं. पण ते देवाच्या नावानं पुढे आलं की वेगळं वाटायचं.

कुंभार पिंपळगावला एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. माझं नाव ऐकून त्यांनी इतक्या लांबून बोलावलं होतं. बट्ट्या तळायला घेतल्या आणि हातातला झारा मला उचलेना. पाय तर आपले नाहीतच असं वाटलं. मी कढईच्या शेजारी खाली बसलो, आणि मला उठता येईना. गाडीत घालून जालन्याला आणलं. पोटॅशियम इतकं वाढलं होतं की छातीचे ठोके चुकत होते. डॉक्टरांनी कावेरीला बाजूला घेऊन सांगितलं की औषधानं उतरलं तर ठीक, नाहीतर आजच मशीन लावावी लागेल, आणि ठोका थांबला तर हातात काही राहणार नाही. ती बाहेर बाकावर बसून होती.

औषधानं उतरलं. संध्याकाळी आपा आल्या. कॉटजवळ स्टूल ओढून बसल्या आणि पथ्याचं विचारलं. मी म्हटलं, सगळं पाळलं, वरणाचा थेंब नाही घेतला. मग लग्नांत काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं. मी उपवासाचं सांगितलं, थोडं अभिमानानंच. मी वाट बघत होतो की आता झाडतील. त्यांनी झाडलं नाही.

'माझ्या अब्बांना रोजा माफ होता, सुदामभाऊ,' त्या म्हणाल्या. 'साखर होती, किडन्या गेल्त्या. पण मोहल्ल्यात रोजा न्हाई म्हणायची त्यांना शरम वाटली. चोरून रोजे धरले, आणि खजूर-शरबतावर सोडले. मी तेव्हा नवी नवी शिकून आल्ते, घरातच होते, आणि मला कळलं न्हाई.'

अब्बा त्याच वर्षी गेले, एवढं सांगून त्या उठल्या. दारापर्यंत जाऊन परत वळल्या. उपवास बंद, म्हणाल्या, लोकांना खरं सांगायचं. मी हो म्हटलं. त्या रोग्याला काय खाता हे न विचारता कुठे जेवता ते का विचारतात, हे मला त्या दिवशी कळलं. माणूस घरात पथ्य मोडत नाही, चार लोकांत मोडतो. भुकेपोटी मोडतो तेही थोडंच. जास्त करून लाजेपोटी मोडतो.

हो म्हटलं खरं, पण सांगितलं कुणालाच नाही. बरा होऊन पुन्हा कामाला लागलो. आपांनी मधल्या काळात आमच्या तालुक्यातल्या आचाऱ्यांना माझ्याच कढया ठेवायच्या शेडमध्ये गोळा केलं आणि पंगतीचं मीठ कसं कमी करायचं ते शिकवलं. पानात डाव्या हाताला मीठ वाढायची आपली पद्धत आहेच. तर कढईत हात आखडता घ्या, ज्याला लागेल तो पानातलं घेईल, एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही भीतभीत करून बघितलं. कुणीही तक्रार केली नाही, कित्येकांनी पानातल्या मिठाला हातही लावला नाही. हे मी इतर आचाऱ्यांना छाती काढून सांगायचो. स्वतःचं तेवढं सांगायचो नाही.

मग कुंभार पिंपळगावच्या त्याच घरी धाकट्या मुलीचं लग्न निघालं. यजमानांच्या आई आपांकडे उपचार घेत होत्या, म्हणून आपांनाही बोलावणं होतं. शेवटची पंगत उठली. यजमानांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला आणि मोठ्या प्रेमानं विचारलं, 'सुदामराव, मागच्या खेपेला बी उपवासात पडले तुम्ही. आज कोणता उपवास?'

कावेरीनं डबा दिला होता. पिळलेला दुधी, भात, मोजून वरण. तो भट्टीमागे पिशवीत होता. मांडवात माणसं उभी होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी पुन्हा एखाद्या देवाचं नाव घेतलं असतं, हे मी माझ्या मनाला ओळखून सांगतो.

तेवढ्यात आपा आल्या आणि माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. त्या अजून जेवल्याच नव्हत्या. सगळ्या पंगती होईपर्यंत थांबल्या होत्या. यजमानांना म्हणाल्या की यांचा डबा आणा, आज मी आणि सुदामभाऊ एकच जेवणार. पाहुण्या बाईंचा शब्द, यजमान काय बोलणार? डबा आला. दोन पानांवर वाढला. आपांनी भातात दुधी कालवला आणि खायला लागल्या. दुसऱ्यांदा दुधी मागूनही घेतला. ही आपांची काही नवी तब्येतीची रीत असेल असं समजून दोन म्हाताऱ्यांनी चव बघायला चमचा-चमचा मागितला. मी खाली मान घालून जेवलो. समोर माझ्या बट्ट्या होत्या, तूप होतं, घोटलेल्या वांग्यांचा वास सुटला होता. आपांना तिखट किती आवडतं हे त्यांना ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे.

हात धुताना त्या हळूच एवढंच म्हणाल्या, 'पुढच्या येळेला तुम्ही सांगायचं.' त्यानंतर त्यांनी हा विषय काढलेला नाही. मीही सांगितलं नाही. हल्ली मी उपवास म्हणत नाही, पथ्य आहे म्हणतो. लोक विचारतात, ॲसिडिटी का? मी मान हलवतो.

मी अजून मशीनला लागलेलो नाही. रिपोर्ट फार चांगले नसतात, पण जागचे हलत नाहीत, आणि माझ्या आजारात जागचं न हलणं हीच मोठी गोष्ट आहे, असं डॉक्टर म्हणतात. या साठीच्या समारंभाचं जेवण समितीनं माझ्याकडे दिलं आणि वर हा लेखही लावला. काय काय करायचं ते ठरवताना मला सहज आठवायला गेलं की आपांनी माझ्या हातचं काय काय खाल्लंय. आठवलं तो फक्त तो दुधी. आणि तोही माझ्या हातचा नव्हता, कावेरीनं उकडलेला होता. सगळ्या जिल्ह्याला जेवू घातलं म्हणून मिरवणाऱ्या माणसानं, ज्यांच्यामुळे तो जिवंत आहे त्यांना आपल्या हातचा एक घास घातलेला नाही. त्या एकदाच पंगतीला आल्या, तेव्हाही माझी लाज झाकायला त्यांना फिकं खावं लागलं.

म्हणून मोठ्यांच्या या मेळाव्यात मी मागणं मागतो की आपांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो. त्यांचा आवाज असाच चढा राहो, आणि त्या खोलीबाहेरचा बाक दरवर्षी थोडा मोकळा होत जावो. त्यांच्या पंचाहत्तरीचा स्वयंपाकही मीच करावा अशी माझी इच्छा आहे. ती पुरी होणं माझ्या पथ्यावर आहे, ते मी बघतो.

आपा, समारंभाच्या दिवशी तुमचं पान पहिल्या पंगतीत मांडतो. वरण-बट्टी, वर तूप, घोटलेली वांगी, तुम्हाला चालेल तितकी तिखट. शेजारी माझं पान असेल, दुधीचं. आग्रह करायला कुणीतरी येईलच, आणि विचारीलच की सुदामराव, आज कोणता उपवास. तेव्हा मी सांगेन की उपवास नाही, कधीच नव्हता, मला किडनीचा आजार आहे. सांगताना माझा आवाज बसेल, कदाचित चेहराही उतरेल. तुम्ही तेवढा वेळ माझ्याकडे बघू नका, आपा. जेवत राहा.